गोट्यांच्या पथावरील चंक्रमण : हृदय व मज्जासंस्थेवरील परिणाम आणि पादपरीक्षणाचे महत्त्व

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या सार्वजनिक उद्यानांत आज गुळगुळीत गोटे बसविलेला एखादा पथ आढळतो. सकाळी फिरावयास येणारी मंडळी पादत्राणे काढून त्यावरून फेऱ्या घालतात. ज्यांना उद्यानात जाणे जमत नाही ते उंचवटे असलेल्या चपला किंवा चटया विकत घेतात. तळव्यावर सर्व अवयवांचे बिंदू असतात, ते दाबले गेले की हृदय बळकट होते, रक्तदाब उतरतो आणि नसा मोकळ्या होतात, अशी यामागील लोकसमजूत आहे. चिकित्सकाकडे येणारा रुग्ण हा उपक्रम बहुधा आधीच सुरू करून आलेला असतो. वैद्याकडून त्याला केवळ संमती हवी असते.

ही संमती देणे वरवर सोपे वाटते, कारण शेवटी ते चालणेच आहे. परंतु दोन प्रकारच्या रुग्णांत ही सहज दिलेली संमती महागात पडू शकते. पहिला, मधुमेहामुळे तळवे बधिर झालेला रुग्ण. दुसरा, पथावर चालू लागल्यापासून बरे वाटते म्हणून रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करणारा रुग्ण. या उपक्रमाचा हृदय व मज्जासंस्थेवर नेमका कोणत्या मार्गाने परिणाम होतो, त्यास कितपत आधार आहे, आयुर्वेदीय ग्रंथांच्या प्रकाशात त्याचे स्थान कोणते आणि तो कोणास सांगावा व कोणास सांगू नये, याचा क्रमशः विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिबिंब पद्धतीचा पूर्वेतिहास

तळव्यावरील अवयवबिंदूंची कल्पना आपल्या संहितांतून आलेली नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून त्यांवरील दाबाने दूरच्या भागातील वेदना कमी करता येतात असा सिद्धांत मांडला. डॉ. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे युनिस इंगहॅम या अमेरिकन महिलेने हा विचार मुख्यतः तळव्यावर केंद्रित केला, तेथे अवयवांचा नकाशा रेखाटला आणि १९३८ साली आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्या नकाशात हृदयाचा बिंदू डाव्या तळव्याच्या वरच्या भागात दाखविला जातो. तैवान, हाँगकाँग व सिंगापूर येथील उद्यानांत गोट्यांचे पथ लोकप्रिय झाले आणि आपल्याकडील उद्यानांतही तशीच रचना दिसू लागली.

म्हणजे आज उद्यानात चालणारा मनुष्य दोन भिन्न गोष्टी एकाच वेळी करीत असतो. एक, उंचसखल पृष्ठावर अनवाणी चालणे. दुसरी, अमुक बिंदू दाबल्याने अमुक अवयव सुधारतो ही श्रद्धा. पहिलीच्या लाभाचे श्रेय दुसरीला दिले जाते आणि गोंधळ येथूनच सुरू होतो.

पदतलाची संवेदना व मज्जासंस्था

पाऊल सव्वीस अस्थींचे बनलेले आहे. तळव्याची त्वचा जाड व केशरहित असून तिच्यात दाब, ताण व कंप जाणणारे असंख्य संवेदनाग्राहक असतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात सूक्ष्म सुईच्या साहाय्याने मानवी तळव्यातील १०४ ग्राहकांच्या संदेशांची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी ७३, म्हणजे सुमारे सत्तर टक्के ग्राहक, स्पर्शातील बदल जाणणारे होते. दाब स्थिर झाला की ते शांत होतात. पाऊल अधांतरी असताना या ग्राहकांतून कोणतेही संदेश उमटत नव्हते, हीही त्यातील लक्षणीय नोंद होय.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. सपाट तळाच्या जोड्यात आणि सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल जवळजवळ सारखेच पडते. तळव्यास नवे सांगण्यासारखे थोडेच असते. गोट्यांवर मात्र प्रत्येक पावलागणिक दाबाचे स्थान बदलते. हे संदेश तळव्यातील मज्जातंतूंद्वारे पोटरीच्या व मांडीच्या मागील मुख्य मज्जातंतूंत, तेथून मज्जारज्जूत आणि पुढे मेंदू व अनुमस्तिष्क यांपर्यंत जातात. प्रत्युत्तरादाखल घोटा, पोटरी व पावलातील लहान स्नायू क्षणोक्षणी आपला ताण बदलून शरीर सावरतात. तोल सांभाळण्याचे हे प्रत्यक्ष शिक्षणच होय. म्हणून या चंक्रमणाचा पहिला आणि सर्वांत सरळ परिणाम मज्जासंस्थेवर होतो. हृदयावरील परिणाम त्यानंतरचा.

ही उत्तेजना तीव्र असावी लागते असेही नाही. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जोड्यातील अस्तरातून तळव्यास इतका सूक्ष्म कंप देण्यात आला की तो त्या व्यक्तींना जाणवतही नव्हता. तरीही वृद्धांचे उभे राहताना होणारे डोलणे कमी झाले. 'जितके दुखेल तितका गुण अधिक' या समजुतीस हा प्रयोग छेद देतो.

हृदय व रक्तदाब

हृदयावरील परिणाम तीन मार्गांनी समजून घेता येतो.

पहिला मार्ग व्यायामाचा. चालताना पोटरीचे व पावलाचे स्नायू आकुंचन पावून शिरांतील रक्त वर ढकलतात, कार्यरत स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात आणि व्यायाम संपल्यावर काही तास रक्तदाब किंचित उतरलेला राहतो. नियमित चालण्याने हा लाभ टिकाऊ होतो. गोटे असोत वा नसोत, हा लाभ चालण्याचा आहे.

दुसरा मार्ग स्वायत्त मज्जासंस्थेचा. हळुवार पादमर्दनानंतर नाडीचा वेग व रक्तदाब अल्पकाळ थोडे उतरल्याचे लहान अभ्यासांत आढळले आहे. सौम्य, लयबद्ध व सुखद स्पर्श, मंद गती आणि पावलाकडे एकवटलेले लक्ष यांमुळे अनुकंपी संस्थेचा जोर कमी होऊन परानुकंपी संस्थेचा प्रभाव वाढणे संभवते.

तिसरा मार्ग याच्या नेमका उलट आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वेदना ही अनुकंपी संस्थेस चेतविणारी आहे. हात बर्फाच्या पाण्यात बुडविला असता रक्तदाब चढतो, ही शरीरक्रियाशास्त्रातील जुनी चाचणी प्रसिद्धच आहे. टोकदार उंचवट्यांवर दात-ओठ खात, श्वास रोखून व मुठी आवळून चालणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णात हेच घडते. म्हणजे ज्या उपक्रमातून तो रक्तदाब उतरविण्याची अपेक्षा करतो, त्याच उपक्रमाच्या वेळी तो चढलेला असतो. सुख व पीडा यांतील सीमारेषा हीच येथे औषध व अपथ्य यांतील सीमारेषा ठरते.

अभ्यासांतून काय दिसते

अमेरिकेतील ओरेगन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली वृद्धांच्या आरोग्यविषयक एका नियतकालिकात या विषयावरील महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चीनमधील गोट्यांच्या पथांवरून प्रेरणा घेऊन तशाच पृष्ठभागाच्या चटया वापरण्यात आल्या. ६० ते ९२ वर्षे वयाच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या १०८ व्यक्तींचे प्रत्येकी ५४ चे दोन गट पाडले. एक गट चटईवर व दुसरा साध्या पृष्ठावर चालला. आठवड्यातून तीन वेळा, एक तासाचे सत्र, असे सोळा आठवडे झाल्यावर चटईवर चालणाऱ्या गटात तोल, खुर्चीवरून उठण्याची क्षमता, चालण्याचा वेग आणि रक्तदाब यांत दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारणा दिसली. एकूण शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयीच्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

या अभ्यासाचे मोल मोठे आहे, कारण येथे तुलना निष्क्रिय बसणाऱ्यांशी नसून चालणाऱ्यांशीच आहे. पृष्ठभागाच्या विषमतेचा काही स्वतंत्र लाभ असावा असे त्यावरून म्हणता येते. तथापि त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मज्जासंस्थेचे विकार असलेल्या व्यक्ती त्यातून वगळल्या होत्या. हृद्रोगाची चिकित्सा हा त्याचा विषय नव्हता. शिवाय चटईवर चालताना एखादा निवडक बिंदू दाबला जात नाही. संपूर्ण तळव्यास उंचसखल स्पर्श होतो. त्यामुळे या लाभाचा उपयोग अवयवांच्या नकाशाचा पुरावा म्हणून करता येत नाही.

नकाशाविषयीचा पुरावा दुर्बळ आहे. एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली प्रतिबिंब पद्धतीवरील १८ नियंत्रित अभ्यासांचे परीक्षण केले, तेव्हा कोणत्याही एका व्याधीत ती निश्चितपणे गुणकारी असल्याचे त्यांस दिसून आले नाही. आराम, सैलपणा व निद्रेस साहाय्य एवढा लाभ मान्य करण्यास हरकत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अवरोध तळव्याच्या दाबाने दूर होतो असे म्हणण्यास आधार नाही.

आयुर्वेदीय विचार

आपल्या काही व्याख्यानांतून तलहृदय या मर्माचा दाखला देऊन प्रतिबिंब पद्धती मूळ आयुर्वेदातीलच आहे असे सांगितले जाते. हा युक्तिवाद शब्दसाम्यावर आधारलेला आहे. तलहृदय म्हणजे तळव्याचा मध्य. मधल्या बोटाच्या रेषेत, तळव्याच्या मध्यभागी त्याचे स्थान आहे. येथे हृदय हा शब्द मध्य या अर्थी आहे, उरोगत अवयवाशी संबंध दर्शविण्यासाठी नव्हे. सुश्रुताने अंगुष्ठ व अंगुली यांमधील क्षिप्र आणि तळव्यातील तलहृदय या मर्मांची गणना कालांतरप्राणहर मर्मांत केली आहे. म्हणजे संहितेचा रोख या स्थानाचे आघातापासून रक्षण करण्याकडे आहे. त्यावर कठीण दाब देण्याची आज्ञा तेथे नाही.

दिनचर्येतील वचनेही हाच सूर धरतात. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाने पायांचा खरखरीतपणा, स्तब्धता, रूक्षता, श्रम व सुप्ती नाहीशी होते, दृष्टी प्रसन्न होते, वायूचे शमन होते आणि गृध्रसी, पायांचे फुटणे व सिरास्नायूंचा संकोच यांपासून रक्षण होते असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पादत्राण धारण करणे हे नेत्रांस व स्पर्शेंद्रियास हितकर म्हटले आहे. सुश्रुताने अनवाणी चालणे आरोग्यास, आयुष्यास व नेत्रांस अहितकर मानले. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात नेत्ररोगांच्या प्रकरणी पायांच्या मध्यभागातून नेत्रांकडे जाणाऱ्या दोन सिरांचे वर्णन असून मळ, उष्णता, घर्षण, दाब इत्यादींनी त्या दूषित होतात, म्हणून पादत्राण, अभ्यंग व प्रक्षालन यांचे सेवन करावे असा उपदेश आहे.

व्याधींच्या बाजूनेही पाहावे. पाऊल विषम पडल्याने प्रकुपित वायू टाचेच्या व घोट्याच्या आश्रयाने वातकंटक निर्माण करतो, हे सुश्रुताने निदानस्थानात नोंदविले आहे. पाददाह विशेषतः फार चालणाऱ्यास होतो असेही तेथेच म्हटले आहे. गोट्यांचा पथ ही तर सहेतुक निर्माण केलेली विषम भूमी होय.

मग हा उपक्रम सर्वथा त्याज्य ठरतो काय? तसे नाही. चंक्रमणाविषयी सुश्रुताचा अभिप्राय स्पष्ट आहे : जे चालणे देहास फार पीडा देत नाही ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते आणि इंद्रियांना जागृत करते. इंद्रियांची जागृती हा लाभ वर वर्णिलेल्या तळव्याच्या संवेदनाशिक्षणाशी सहज जुळतो, आणि अतिपीडेचा निषेध वेदनेने चढणाऱ्या रक्तदाबाशी. म्हणून गोट्यांवरील चंक्रमण हे सर्वांसाठीचे दिनचर्याकर्म न मानता, प्रकृती, वय, व्याधी व मात्रा पाहून योजावयाचे कर्म मानावे, हाच ग्रंथांशी व अनुभवाशी सुसंगत मार्ग दिसतो.

प्रथम पादपरीक्षण

समजा, साठीतील एक गृहस्थ दहा वर्षांपासून मधुमेहाने पीडित आहेत. तळव्यांत मुंग्या येतात, कधी दाह होतो, कधी कापसावरून चालल्यासारखे वाटते. पादहर्ष किंवा पाददाह म्हणून ते स्वतःहून पथावर चालू लागतात आणि 'आता मुळीच टोचत नाही, पाय सुधारले' असे आनंदाने सांगतात. न टोचणे हे येथे सुधारणेचे लक्षण नसून संवेदना लोप पावल्याचे लक्षण असू शकते. अशा पायास खडा रुतला तरी कळत नाही. फोड येतो, व्रण होतो, तो दूषित होतो आणि अखेर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हेच दाखवून दिले होते : बधिर पायाची झीज व्याधीपेक्षा न जाणवणाऱ्या पुनःपुन्हा होणाऱ्या आघातांनी अधिक होते. संवेदना गमावलेल्या मधुमेही रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये, हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातील प्रमुख नियम आहे.

यासाठी संमतीपूर्वी पुढील परीक्षण अवश्य करावे. त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. दर्शन : तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या प्रकाशात पाहाव्यात. भेगा, कुरूप, फोड, व्रण, नखांचे विकार, वर्णबदल, सूज व फुगलेल्या शिरा यांची नोंद घ्यावी.

२. स्पर्शन : दोन्ही पायांचे तापमान हाताच्या पाठीने ताडून पाहावे. पावलाच्या पृष्ठभागी व आतील घोट्यामागे नाडी लागते की नाही हे पाहावे.

३. संवेदना : दहा ग्रॅमचा नायलॉन तंतू व १२८ कंपनांचा नादकाटा वापरावा. रुग्णास डोळे मिटावयास सांगून तळव्याच्या निरनिराळ्या स्थानी स्पर्श जाणवतो का ते विचारावे.

४. तोल : पाय जुळवून, प्रथम डोळे उघडे व नंतर मिटून उभे करावे. चिकित्सकाने शेजारी हात धरण्याच्या तयारीत उभे राहावे.

५. रक्तदाब : पाच मिनिटे बसवून, आणि नंतर उभे करून मोजावा. उभे राहताच दाब उतरणाऱ्या वृद्धास पडण्याचा धोका अधिक असतो.

संवेदनालोप, पायातील नाडी न लागणे, व्रण, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका, विश्रांतीतही होणारी छातीतील वेदना, अनियंत्रित रक्तदाब, पोटरीतील शिरांत रक्ताची गुठळी, टाचेची तीव्र वेदना आणि वारंवार पडण्याचा इतिहास यांपैकी काहीही आढळल्यास गोट्यांवर चालण्यास स्पष्ट मनाई करावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कठीण उंचवटे टाळावेत. अशांपैकी ज्यांना चालणे वर्ज्य नाही त्यांस योग्य पादत्राणांसह सपाट भूमीवरील चंक्रमण सांगावे. व्रण, दाह किंवा रक्ताची गुठळी नसल्यास हलक्या हाताने पादाभ्यंगही योजता येतो. या रुग्णांचा लाभ त्यातच आहे.

योजना व मात्रा

ज्यांचे परीक्षण निर्दोष आहे त्यांच्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. गोटे नदीतील, गोलाकार, घट्ट बसविलेले व स्वच्छ असावेत. शेजारी आधारासाठी कठडा असावा. वेळ सकाळची, भोजनापूर्वीची. दुपारी तापलेल्या गोट्यांवर व पावसाळ्यात शेवाळलेल्या पथावर चालू नये. पहिल्या आठवड्यात सपाट भूमीवर दहा मिनिटे चालून नंतर केवळ दोन ते तीन मिनिटे पथावर, आवश्यक तर पातळ मोजे घालून चालावे. त्रास नसल्यास दर आठवड्यास थोडी वाढ करीत दहा ते पंधरा मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेसे आहेत.

व्यायामासाठी सांगितलेले अर्धशक्तीचे प्रमाण येथेही लागू आहे. श्वास सहज चालावा, चेहरा आक्रसू नये, संभाषण करता यावे. वेदना सुरू झाली की मात्रा संपली असे समजावे. चालून झाल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. रात्री वातप्रधान प्रकृतीस तीळतेलाने व दाहाची प्रवृत्ती असलेल्यास तुपाने पादाभ्यंग करावा. दर पंधरा दिवसांनी विश्रांतीतील रक्तदाब व नाडी यांची लेखी नोंद ठेवावी. औषधांच्या मात्रेत बदल हा केवळ या नोंदीवरून आणि औषध देणाऱ्या चिकित्सकाच्या विचारानेच व्हावा, हे रुग्णास पहिल्याच भेटीत सांगावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

उंचवट्यांच्या चपला व चटया अनेकदा वैद्याच्या सल्ल्याविना थेट दुकानातून घेतल्या जातात. म्हणून विक्रेत्याचे दोन प्रश्न मोलाचे ठरतात : मधुमेह आहे काय? पाय बधिर होतात काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास विक्री करण्यापूर्वी ग्राहकास पादपरीक्षणासाठी पाठवावे. कठीण व टोकदार उंचवट्यांपेक्षा मऊ व गोलाकार उंचवट्यांचा माल ठेवावा. अशा चपला घालून दिवसभर वावरू नये हेही सांगावे.

जाहिरातीबाबतही दक्षता हवी. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, हृद्रोग, उच्च व नीच रक्तदाब यांचा समावेश आहे आणि त्या कायद्यातील औषधाची व्याख्या शरीराच्या रचनेवर किंवा क्रियेवर परिणाम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूंपर्यंत विस्तारलेली आहे. 'हृद्रोग बरा करणारी चप्पल' असा फलक दुकानात लावणे हे शास्त्रदृष्ट्या असत्य आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

उपसंहार

गोट्यांवरील चंक्रमणाने तळव्याची संवेदना जागी होते, तोल सुधारतो आणि नियमित चालण्याच्या जोडीने रक्तदाबास काही साहाय्य होते, एवढे आजच्या ज्ञानावरून म्हणता येते. तळव्यावरील हृदयबिंदूने हृद्रोग बरा होतो, असे म्हणता येत नाही. लाभ ज्या संवेदनेच्या द्वारा होतो ती संवेदनाच जेथे उरलेली नाही, तेथे हा उपक्रम लाभशून्य होऊन केवळ आघात शिल्लक राहतो. म्हणून वैद्याने पथाची शिफारस करण्यापूर्वी रुग्णास पादत्राणे काढण्यास सांगावे आणि प्रथम स्वतः त्याचे तळवे पाहावेत. नाडी, जिव्हा व नेत्र यांच्या नोंदीसोबत प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या पत्रिकेत पादपरीक्षणाची एक ओळ नित्य लिहिली गेली, तर अनेक पावले वाचतील.